टक्केवारी छापा, पण कुणाला विचारले तेही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सामाजिक संशोधनातल्या आकड्यांच्या स्तोमावर टीका करणारा लेख वाचला. माणसाचे दुःख टक्क्यांत मावत नाही, संशोधकाने आकडेमोड बाजूला ठेवून लोकांत जाऊन बसावे, असा त्याचा सूर. मी मान डोलावणारच होतो. पण त्याच आठवड्यात आपल्याच पहिल्या पानावर 'सर्वेक्षणातून उघड' अशी चौकट आली आणि आत खान्देशातल्या तरुणांना काय वाटते याची टक्केवारी. किती तरुण, कुठले, कुणी विचारले, कधी विचारले, याबद्दल अक्षर नाही. पाहणी ऑनलाइन होती, एवढेच शेवटच्या ओळीत. म्हणजे पुरवणीत आकड्याला दारातून हाकलायचे आणि पहिल्या पानावर येईल त्या आकड्याला पाटावर बसवायचे. मला दोन्हींत एकच खोट दिसते. आकडा तयार कसा होतो, इकडे कुणी बघतच नाही. त्याबद्दल चार गोष्टी लिहितो. पत्र लांबेल. कापायचेच असेल तर सुरुवात कापा, मधले ठेवा.

मी राज्य शासनाच्या अर्थ व सांख्यिकी खात्यात अन्वेषक होतो. राष्ट्रीय नमुना पाहणी (निवडक घरांना विचारून देशाचा अंदाज काढणारी सरकारी पाहणी) १९५० पासून चालू आहे. तिच्या फेऱ्यांत केंद्राबरोबर राज्याचाही जोड-नमुना (राज्याने पाहायची घरे) असतो, तो आम्ही भरायचो. धुळे आणि नंदुरबार एकच जिल्हा होता (वेगळे झाले १ जुलै १९९८ ला) तेव्हापासून धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे, शिरपूर-शहाद्याची काळी जमीन आणि इकडे यावल-रावेरची केळीची गावे पायाखाली घातली. खांद्याला पिशवी, पिशवीत अनुसूच्या (प्रश्नांची पत्रके), आणि गावात शिरल्यावर पहिला प्रश्न लोकांचाच: "कोणत्या योजनेचे साहेब?" योजना नाही म्हटले की निम्मी गर्दी पांगायची. उरलेल्या निम्म्यांत आमचे काम.

आता चोपड्याला असतो. आसपासच्या महाविद्यालयांतली एम.ए.ची, एम.एस.डब्ल्यू.ची, पीएच.डी.ची मुले कुणाच्या तरी ओळखीने घरी येतात. प्रश्नावली पुढे ठेवतात, चहा होतो, आणि मग ठरलेला प्रश्न: "काका, ३८४ झाले की पुरे ना?"

किती लोकांना विचारायचे याचा हा ३८४ चा आकडा आपल्याकडच्या प्रबंधांत सत्यनारायणाच्या प्रसादासारखा सगळीकडे सापडतो. तो आला कुठून, हे विचारले तर मुले म्हणतात, सरांनी सांगितले. वास्तविक तो साध्या गुणाकार-भागाकारातून येतो. शंभरातल्या पंचाण्णव वेळा आपला अंदाज पाच टक्क्यांच्या आत-बाहेर राहावा एवढी अपेक्षा धरली, तर १.९६ चा वर्ग घ्यायचा, तो येतो ३.८४. त्याला ०.५ गुणिले ०.५ ने (निम्मे हो, निम्मे नाही असे धरून) गुणायचे आणि ०.०५ च्या वर्गाने भागायचे. उत्तर ३८४. १९७० साली क्रेजसी आणि मॉर्गन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी याचा तयार तक्ता छापला. त्यात दहा लाख लोकसंख्येसमोर ३८४ लिहिलेले आहे आणि तक्ता तिथेच संपतो. पुढे लोकसंख्या कितीही वाढली तरी आकडा तेवढाच राहतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्हा ४२ लाखांचा होता, देश १२१ कोटींचा. दोन्हींना ३८४ च. हे ऐकून मुलांचा विश्वास बसत नाही, पण हिशेब तसाच आहे.

मात्र त्या हिशेबाला एक अट आहे आणि ती तक्त्याच्या चौकटीत मावत नाही. प्रत्येक माणूस निवडला जाण्याची शक्यता किती, हे आपल्याला आधीपासून ठाऊक हवे. चिठ्ठी टाकून, यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून, कशीही काढा, पण निवड तुमच्या सोयीने व्हायला नको. आपल्या व्हॉट्सअॅपवरच्या गटांत गूगल फॉर्म टाकून ३८४ उत्तरे जमली, तर त्याला ३८४ उत्तरे म्हणावे. त्याला पाच टक्क्यांची चूक-मर्यादा लावता येत नाही, कारण ती मर्यादा ज्या गणितातून येते ते गणित तिथे लागूच होत नाही. दुसरी गोष्ट अशी की, ३८४ लोक तीन जिल्ह्यांत वाटले, वर पुरुष आणि स्त्रिया वेगळे केले, की एका कप्प्यात येतात ६४. चौसष्ट माणसांवरून काढलेली टक्केवारी, निवड अगदी शास्त्रशुद्ध असली तरी, बारा टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकते. आणि प्रबंधात मात्र लिहिलेले असते की धुळ्यातल्या स्त्रिया नंदुरबारच्या स्त्रियांपेक्षा चार टक्क्यांनी अधिक जागरूक आहेत!

संख्या मोठी असली म्हणजे झाले, असे समजणाऱ्यांसाठी १९३६ ची अमेरिकेतली गोष्ट आहे. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी कार्डे पाठवली. २३-२४ लाख परत आली. एवढ्या उत्तरांवरून त्यांनी सांगितले की रूझवेल्टच्या विरोधातला उमेदवार लँडन जिंकणार. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्ये घेतली. पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, मंदीच्या काळात, म्हणजे मुख्यतः पैसेवाल्यांचेच. शिवाय ज्याला राग आहे तोच कार्ड भरून टपालात टाकतो. त्याच निवडणुकीत मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने सुमारे पन्नास हजारांच्या नमुन्यावर बरोबर अंदाज दिला. आज टेलिफोनच्या यादीच्या जागी मोबाइलमधला गट आला आहे. आपल्या 'खान्देशी तरुणां'च्या पाहणीत अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा, सिग्नलसाठी टेकडीवर चढणारा पोरगा किती होता, हे आपण छापले असते तर मीही पाहणी गंभीरपणे घेतली असती.

शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच पाण्यात शिजलेला असतो म्हणून. गाव तसे नसते. रस्त्याला लागून गावठाण, ओढ्यापलीकडे एक वस्ती, डोंगरावर पाडे, एखाद्या ठिकाणी पुनर्वसनाची वसाहत. नमुना पाहणीत मोठ्या गावाचे आधी वस्त्यांचे, पाड्यांचे गट पाडायचे, त्यांतून चिठ्ठीने निवड, मग निवडलेल्या भागातल्या प्रत्येक घराची यादी, आणि त्या यादीतून पुन्हा निवड. यादीलाच एक-दोन दिवस जायचे. धडगाव तालुक्यात गाव म्हणजे डोंगरभर पसरलेली घरे, एका घरातून दुसऱ्या घरी हाक पोचते पण माणूस पोचायला अर्धा तास. निवड नेमकी वरच्या पाड्याची यायची. शिरपूरकडच्या एका गावात पोलीस पाटलांनी आम्हाला मोठ्या मायेने सांगितले होते, "तठे जाईसन काय करशात भाऊ? तठे बी आसंच शे." (तिथे जाऊन काय करणार? तिथेही असेच आहे.) चहा पाजला, खाट टाकली, तिथेच बसून सगळी पत्रके भरून देण्याची तयारी दाखवली. गेलो तर वरच्या पाड्यावर हातपंपाचे पाणी मार्चमध्येच संपलेले. खाली विहिरीला पाणी होते. पोलीस पाटील खोटे बोलत नव्हते, ते वर्षानुवर्षे तिकडे चढलेच नव्हते.

आकडा बिघडतो तो अशा जागी. संगणकात नंतर काही बिघडण्यासारखे फारसे उरलेले नसते. मुले मात्र घाबरतात ती संगणकाला. कोणती सांख्यिकी चाचणी लावू, काय-वर्ग की टी, यावर तास जातो. कुठल्या घरी गेलीस, हे मी विचारले की म्हणतात, "ओळखीचे गाव होते काका."

आता प्रश्नांकडे येतो.

केळीच्या पट्ट्यात शेतकऱ्याला 'शेती किती?' विचारा. उत्तर मिळते, "पाच हजार खोड." एकर कुणी बोलत नाही. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी सुमारे १,७४० खोडे बसतात, म्हणजे पाच हजार खोड ही तीन एकरांच्या थोडी आत. सहा बाय पाच असेल तर तीच खोडे साडेतीन एकरांच्या जवळ जातात. तेव्हा आधी अंतर विचारायचे, मग भागायचे, आणि इतर पिकाखालची जमीन वेगळी विचारायची, कारण खोडांच्या हिशेबात ती धरलेलीच नसते. पुण्या-मुंबईहून आलेल्या एका प्रश्नावलीत 'धारण क्षेत्र (हेक्टर)' असा रकाना होता आणि भरायला आलेली मुले गावकऱ्यांनाच हेक्टर विचारत होती. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते हे खरे, पण सातबारा वडिलांच्या नावावर, कसणारे तीन भाऊ, त्यातला एक सुरतला. सांगणारा आपला अंदाजाने आकडा देतो. तो आकडा पुढे दोन दशांश स्थळांपर्यंत छापला जातो.

बायकांच्या कामाचे तर विचारूच नका. कपाशी वेचून, गुरांचे करून, दुपारी शेंगा फोडत बसलेल्या बाईला 'तुम्ही काम करता का?' असे विचारले तर ती म्हणते, "मी कोठे काम करस भाऊ? घरनंच तं करस." लिहिणारा 'काम करत नाही' लिहितो आणि पुढच्या दारी जातो. हा प्रकार एवढा सार्वत्रिक होता की १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच खुलासा घालावा लागला: शेतावर किंवा घरच्या धंद्यात केलेले बिनपगारी कामही धरावे. प्रश्न नुसता छापून भागत नाही म्हणा. प्रगणकाने तो वाचायला हवा, आणि बाईला विचारायला हवा. ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला नव्हे.

आठवणीचेही तसेच. नमुना पाहणीची १९९९-२००० ची ५५ वी फेरी अभ्यासकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. खाण्यापिण्याचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा दोन्ही, एकाच घरात, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारायचा होता. आधी ज्या फेऱ्यांत सात दिवस विचारून पाहिले होते तिथे खर्च जास्त निघत होता, कारण जवळचे जास्त आठवते. दोन्ही एकत्र विचारल्यावर काय होणार? तेल महिन्याला चार किलो म्हणून सांगितलेली बाई आठवड्याचे विचारले की मनात चाराने भागून एक किलो सांगते. ती न भागेल तर लिहिणारा भागतो. दोन्ही उत्तरे एकमेकांच्या जवळ आली, आणि देशातली गरिबी आधीपेक्षा किती घटली याची तुलनाच अडून बसली. दिल्लीतले मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ त्यावर वर्षानुवर्षे भांडले. भांडण होते दोन रकान्यांचे, आणि ते रकाने आमच्यासारख्यांनी कुणाच्या तरी ओसरीवर बसून भरलेले.

पुरवणीतल्या आपल्या लेखकांना हे सगळे वाचून आनंद होईल. म्हणतील, बघा, आकडे असेच असतात. थांबा. आकड्यांची चूक सापडली कशी? आकडा कसा घेतला ते लिहून ठेवले होते म्हणून. कुणाला, कोणत्या शब्दांत, किती दिवसांबद्दल विचारले, हे सगळे कागदावर होते, म्हणून दुसऱ्याला तपासता आले. 'लोकांत जाऊन बसलो आणि मला जाणवले' यातली चूक कुणी कशी काढायची?

आपल्या मराठी माणसाचेच उदाहरण घ्या. संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुधचे. पीक कापणीच्या प्रयोगांवरून (शेतातला मोजका तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढतात, ते) त्यांचा आणि महालनोबिसांचा वाद झाला. महालनोबिस म्हणजे आपल्या देशातल्या नमुना पाहणीचे जनक, २९ जून हा त्यांचा जन्मदिवस आपण सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. त्यांचा कल छोट्या तुकड्यांकडे, कमी खर्चात अधिक ठिकाणे पाहता येतात म्हणून. सुखात्म्यांनी शेतात प्रयोग करून दाखवले की तुकडा लहान असेल तर उत्पादन फुगते. कारण? कडेवरचे रोप आत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. तुकडा लहान असला की कड त्या मानाने मोठी, म्हणून फुगवटाही मोठा. यात लबाडी कुणाची नाही, माणसाच्या हाताचीच ती ओढ आहे. पण ती मोजता येते, आणि मोजली म्हणून आज कितीतरी पिकांना दोरीने दहा बाय पाच मीटरचा चौकोन आखतात. खरिपात मंडळात पीक कापणीला तलाठी, कृषी सहायक, विमा कंपनीचा माणूस उभे असतात तेव्हा शेतकऱ्याने या दोरीकडे नीट बघावे असे मला नेहमी वाटते. त्याच्या नुकसानीची टक्केवारी तिच्या चार खुंट्यांत ठरते.

आणि काही गोष्टी अशा आहेत की लोकांत कितीही बसा, कळत नाहीत. जळगाव जिल्ह्यात २००१ साली सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ साली ८४२. राज्याचा आकडा त्याच दहा वर्षांत ९१३ वरून ८९४ वर आला, म्हणजे आपली घसरण राज्याच्या दुप्पट. हे कुठल्या मुलाखतीत कळले असते? कोणत्या ओसरीवर कोण सांगणार होते की आम्ही तपासणी करून आलो? सुखवस्तू, शिकलेली, पाहुण्याला आग्रहाने जेवू घालणारी घरे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केलेले आपले राज्य. जनगणनेच्या वयोगटाच्या कोष्टकाने ते उघड्यावर आणले. कोष्टकाला भीड नसते.

नंदुरबारचेही बघा. तिथली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही फेऱ्यांत दिसले. पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातल्या ७०७ जिल्ह्यांतली सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबे होती. त्यात आईला 'बाळ अशक्त वाटते का?' असे विचारून थांबले नाहीत. बाळ काट्यावर ठेवले. ज्या पाड्यावर सगळीच मुले सारखी किरकोळ असतात तिथे आईला आपले मूल ठीकच वाटणार. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आहे, तेव्हाही तपासले म्हणूनच ते समोर आले. त्याआधी हे दुखणे त्या बायकांना माहीत होते, पण सरकारच्या कागदावर ते नव्हते.

तेव्हा लोकांत बसा या सल्ल्याला माझा विरोध नाही. मी बसण्याचाच पगार घेतला. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. आधी बसा, म्हणजे काय मोजायचे ते कळेल. मग मोजा.

शहाद्याकडची एक मुलगी नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर (मिरची वाळत घालायच्या मैदानांवर) काम करणाऱ्या बायकांचा अभ्यास करत होती. प्रश्नावली पाच पायऱ्यांची. 'मी माझ्या कामाबाबत समाधानी आहे: पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत.' ही पद्धत लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली काढली, चांगली आहे, शिकलेल्या माणसाला बसून कागदावर भरायला. मिरचीचे देठ खुडणारी बाई, हाताची आग होतेय, डोळ्याला पदर लावलेला, तिने काय उत्तर द्यावे? म्हणाली, "ताई, तुला पास व्हायला जे लागतं ते लिही." मी त्या मुलीला म्हटले, हे उत्तर तुझ्या प्रबंधात पहिल्या पानावर घाल. तिने घातले नाही, मार्गदर्शकांना आवडले नसते. पण ती आठवडाभर पथारीवर नुसती जाऊन बसली, खुडायला हात लावला, आणि नवी प्रश्नावली घेऊन आली. काल किती खुडले, काय भाव मिळाला. महिन्यात किती दिवस काम लागले. पैसे कुणाच्या हातात पडले. उचल घेतली आहे का, किती फिटली. गेल्या हंगामात आजारपणाने किती दिवस बुडाले. समाधानाचा एक प्रश्न ठेवला, शेवटी. आता तिच्याकडे खरे आकडे आहेत. तिची सरासरी मजुरी आणि मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) यांत मोठा फरक निघाला, तेव्हा ती गोंधळून फोन करत होती. तिला सांगितले, दहा घरांत नऊ जणांकडे एकेक एकर आणि एकाकडे एकेचाळीस एकर असेल तर सरासरी पाच एकर येते आणि पाच एकरवाला गावात कुणीच नसतो. दोन्ही आकडे दे, आणि फरक का पडला ते त्या बायकांनाच जाऊन विचार.

उलटही होते. हागणदारीमुक्तीच्या पाहण्या चालू होत्या तेव्हा 'घरात शौचालय आहे का?' याला 'हो' हे उत्तर घेऊन पत्रके भरली जात. आत डोकावले की पऱ्हाट्या रचलेल्या, सरपण, एखाद्या ठिकाणी शेळीचे करडू बांधलेले. पाणी वरून वाहून आणायचे ते पिण्यालाच पुरत नाही, तिथे हे कुठून? ज्याने आधी गावात चार संध्याकाळी काढल्या तो प्रश्न बदलून विचारतो: 'आज सकाळी घरातले कोण कोण कुठे गेले?' लाजत का होईना, उत्तर खरे येते.

आता आपल्याकडे काय मागणे आहे ते. टक्केवारीची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली दोन-तीन ओळी राखून ठेवा. किती लोकांना विचारले आणि किती जणांनी उत्तर दिले. निवडले कसे. प्रश्न जसाच्या तसा. कोणत्या महिन्यात. पाहणी कुणाच्या पैशाने झाली तेही. ज्या संस्थेला हे देता येत नाही तिची टक्केवारी परत पाठवा. जागेची अडचण सांगू नका, राशिभविष्याला रोज जागा मिळतेच.

महिन्याचे मी मुद्दाम म्हटले. खान्देशात महिना चुकला की माणसेच बदलतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाहणी केलीत तर घराघरांत माहेरवाशिणी, कुटुंबाचा आकार वाढलेला. दिवाळीनंतर सातपुड्यातली घरेच्या घरे ऊसतोडीला, दक्षिण गुजरातेत नाही तर पश्चिम महाराष्ट्रात. घरी म्हातारी, लहान पोरे आणि कोंबड्या. नमुना पाहणीत सहा महिन्यांच्या मुक्कामाचा निकष लावून ही माणसे बऱ्यापैकी पकडता येतात. जनगणनेत तसे नाही. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली आणि त्या सगळ्या काळात जो गावात नव्हता त्याला गावात धरायचा नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम. नियमात चूक नाही. ऊसतोडीच्या तळावर प्रगणक पोचला तर माणूस मोजला जातो, फक्त दुसऱ्या तालुक्याच्या खात्यावर. नाही पोचला तर कुठेच नाही. ती माणसे परततात होळीला, काठीच्या राजवाडी होळीला तर हमखास, आणि त्या वर्षी होळी होती मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. मोजणी कधीच संपलेली. मग अंगणवाडी किती, रेशन किती, याचे हिशेब त्याच लोकसंख्येवर.

आता १६ वर्षांनी पुन्हा जनगणना होते आहे. संदर्भ दिवस १ मार्च २०२७, म्हणजे लोकसंख्येची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, तोड ऐन जोरात असताना. या वेळी जातीचीही नोंद आहे आणि मोबाइलवरून स्वतःच माहिती भरायची सोयही. तळावरच्या पालांत ती किती वापरली जाईल ते वेगळे सांगायला नको. आपले वार्ताहर धडगाव, मोलगी, तळोद्याला आहेत. त्यांना फेब्रुवारीत एवढेच काम द्यावे. एकेक पाडा घेऊन कुलूप लावलेली घरे मोजायची, शेजाऱ्यांकडून माणसे कुठल्या तळावर गेली ते लिहून घ्यायचे, आणि त्यातल्या दोन-चार तळांवर, बारडोलीकडे असोत की अन्य कुठे, जाऊन विचारायचे की मोजायला कोणी आले होते का. पाडे निवडताना मात्र रस्त्याकडेचे घेऊ नका. यादी करून चिठ्ठ्या टाका. यादी करायला माणूस कमी पडला तर मला कळवा, मोलगीपर्यंत एस.टी. जाते.

आपला,
एक निवृत्त अन्वेषक
चोपडा, जि. जळगाव